वारेन्नाच्या स्टेशनवरचा खोटा संप

इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी वारेन्ना नावाचं गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनवर एका माणसानं आम्हा दोघांना ४२० युरोंना फसवलं. आपल्याकडचे चाळीस हजारांच्या घरात. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी. त्यानं जे सांगितलं त्यातलं निम्म्याहून जास्त खरं होतं. इटलीत रेल्वेचे संप होतात, हे खरं. संपाच्या दिवशी ठरावीक वेळातच गाड्या सोडतात, हेही खरं. खोटं एवढंच की त्या दिवशी संप नव्हता. हल्ली आपली कितीतरी माणसं टूर कंपनीशिवाय, मुलांनी काढून दिलेल्या तिकिटांवर युरोप फिरतात. त्यातल्या कुणावर हा प्रसंग येऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी जागा समजून घ्या, कारण या फसवणुकीत जागेचा मोठा भाग आहे. सरोवराच्या मधल्या भागात बेलाज्जो, मेनाज्जो आणि वारेन्ना ही तीन गावं एकमेकांसमोर आहेत आणि त्यांच्यात बोटी सतत ये-जा करतात. पण रेल्वे आहे ती फक्त वारेन्नाच्या काठानं. मिलानहून निघून लेक्कोवरून पुढे तिरानोकडे जाणारी ही लाइन. मिलानला जायला साधारण तासाला एक गाडी, प्रवास तास-सव्वा तासाचा, तिकीट सात-आठ युरो. त्यामुळे मधल्या सरोवरावर राहिलेला आणि मिलानहून विमान पकडणारा बहुतेक प्रत्येक परदेशी प्रवासी शेवटच्या दिवशी बॅगा ओढत याच छोट्या स्टेशनवर येतो. बोटीच्या धक्क्यापासून ते चढावर आहे. मोठ्या स्टेशनसारखी चौकशीची खिडकी नाही, तिकीट मशीनमधून काढायचं. आणि आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच चिंता असते, विमान चुकता कामा नये. फसवणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

आमचं विमान रात्रीचं, मिलानच्या मालपेन्सा विमानतळाहून. सकाळी बोटीनं बेलाज्जोला जाऊन आलो, पायऱ्यांच्या गल्लीतून वर चढून बागेत बसलो, परत येऊन हॉटेलात ठेवलेल्या बॅगा घेतल्या. दुपारी दीडच्या सुमाराला स्टेशनवर पोहोचलो. हातात भरपूर वेळ होता. फलकावर मिलानच्या एका गाडीपुढे ती रद्द झाल्याचं दिसत होतं. पुढची तासाभरानं.

तेवढ्यात तो आला. चाळिशीचा, इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात पट्टीला लटकवलेलं ओळखपत्र. इंग्रजी उत्तम. आवाजात घाई नाही, उलट काळजी. "मालपेन्साला जायचंय का? आज शोपेरो आहे." शोपेरो म्हणजे संप, हे आम्हाला ठाऊक होतं, कारण निघताना लेकीनं बजावलं होतं की इटलीत संपाची चौकशी करत जा. त्यानं फोनवर एक बातमी दाखवली. इटालियन भाषेतली, त्यात रेल्वेचं चित्र आणि तो शब्द. मग फलकावरच्या रद्द गाडीकडे बोट दाखवलं. "आता सगळ्या अशाच जातील. सहा ते नऊ या वेळात गाड्या सोडाव्याच लागतात, तेव्हा मिळेल. तुमचं विमान किती वाजता?" ह्यांनी वेळ सांगितली. त्यानं मनातल्या मनात हिशोब केल्यासारखं केलं आणि मान हलवली.

त्याची व्हॅन बाहेर उभी होती. विमानतळापर्यंत माणशी ९० युरो, एक बाई आधीच बसलेल्या आहेत, दोन जागा उरल्यात, पाच मिनिटांत निघतोय. खरोखरच आत एक वयस्क बाई बसली होती. तिनं आमच्याकडे बघून मान डोलावली आणि आपणही याच अडचणीत आहोत अशी खूण केली. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासाला दोघांचे १८० हा दर तिकडच्या मानानं अवाजवी नव्हता. मी लेकीला फोन लावला, ती कामात होती. तोवर त्यानं बॅगा उचलून डिकीत टाकलेल्या होत्या. मी सवयीनं गाडीचा आणि बॅगांचा एक फोटो काढला. पुढे तोच उपयोगी पडला.

व्हॅन सरोवराच्या काठानं निघाली. मांदेल्लो गावाच्या आसपास रस्त्याच्या बाजूच्या रुळांवरून एक प्रवासी गाडी मिलानच्या दिशेनं निघून गेली. माणसांनी भरलेली. मी विचारलं, ही कशी काय चालू आहे? म्हणाला, काही कर्मचारी संपात नसतात, एखाददुसरी सुटते. हेही खरंच आहे, संपात असं होतं. लेक्को आलं तशी त्यानं गाडी थांबवली आणि ती बाई उतरली. हातात फक्त पर्स. बॅग नाही, पैसे दिले नाहीत, त्यानंही मागितले नाहीत. विमानतळावर निघालेली बाई मध्येच का उतरली असं ह्यांनी विचारलं, तेव्हा तो फोनवर बोलायला लागला. माझ्या पोटात तिथंच गोळा आला. पण आमचं सगळं सामान त्याच्या डिकीत होतं.

मालपेन्साच्या टर्मिनल १ बाहेर, टॅक्सीच्या रांगेपासून बरंच लांब, त्यानं गाडी लावली. डिकी उघडली नाही. आधी पैसे. कार्डाचं मशीन पुढे केलं, त्याच्या अंगठ्याखाली अर्धा पडदा झाकलेला. ह्यांनी आकडा दाखवायला लावला, १८० होता. पिन टाकला. "फेल झालं," म्हणाला, "नेटवर्क नाही," आणि पुन्हा करायला लावलं. पावती मागितली तर कागद संपलाय. मग बॅगांचे आणि टोलचे वेगळे ६० युरो, तेही रोख. ह्यांनी आवाज चढवला तेव्हा तो दाराला पाठ लावून नुसता उभा राहिला. ओरडला नाही, धमकी दिली नाही, फक्त घड्याळाकडे बघितलं. ६० दिल्यावर डिकी उघडली. आम्ही बॅगा उतरवल्या न उतरवल्या तोच तो निघूनही गेला.

आत गेल्यावर विमानतळाच्या वाय-फायवर बँकेचे दोन मेसेज आले. दोन्ही व्यवहार यशस्वी, दोन्ही १८० युरोंचे, आणि दोन्ही युरोऐवजी रुपयांत घेतलेले. चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीला संपाबद्दल विचारलं. तिनं सांगितलं की आज कसलाही संप नाही, खाली रेल्वे स्टेशन आहे, मिलानहून गाड्या नेहमीसारख्या येतायत. तो संप आदल्या आठवड्यात झाला होता. त्यानं दाखवलेली बातमी त्या संपाची होती.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते सांगते. इटलीत रेल्वेचा संप अचानक होत नाही. १९९० सालचा १४६ क्रमांकाचा कायदा आहे, त्यानुसार रेल्वेसारख्या अत्यावश्यक सेवेत किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सगळ्या संपांची यादी तारखेनिशी इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते आणि मोबाइलवर भाषांतर करून सहज वाचता येते. त्या बाजूच्या गाड्या चालवणाऱ्या त्रेनोर्दच्या अॅपवरही सूचना असते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरलेल्या लोकल गाड्या संपातही सोडतात. हा शेवटचा नियम त्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ होता, आणि आमची दुपारची वेळ बरोबर त्या दोन वेळांच्या मध्ये पडत होती. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्रीच यादी बघून ठेवा. एखादी गाडी रद्द होणं ही तिथं नेहमीची गोष्ट आहे. फलकावर त्या एका गाडीच्या खाली पुढच्या गाडीपुढे काय लिहिलंय ते बघा. आमच्या पुढच्या गाडीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे ती वेळेवर होती. 

भाड्याच्या गाड्यांचंही तसंच. तिकडे टॅक्सी पांढरी असते, टपावर टॅक्सीची पाटी, दारावर नगरपालिकेचा परवाना क्रमांक आणि आत मीटर. दुसरा प्रकार चालकासह भाड्याच्या गाडीचा, तिच्यावर एनसीसी अशी अक्षरं असतात. ही गाडी आधी बुक केलेली असावी लागते. स्टेशनात शिरून गिऱ्हाईक गोळा करायची परवानगी त्यांना नाही. म्हणजे जो माणूस फलाटावर येऊन तुम्हाला गाडी देऊ करतो, तो तेवढ्यावरूनच बेकायदा ठरतो. त्याचा शर्ट, ओळखपत्र, गोड बोलणं बघायची गरजच नाही. खरा संप असला तरी हॉटेलला फोन करून गाडी मागवा. मिलानपर्यंत कसंही पोहोचलात तर चेंत्राले स्टेशनच्या बाजूच्या चौकातून मालपेन्साच्या बस सुटतात, तिकीट दहा युरोंच्या आसपास असतं. बसचा रेल्वेच्या संपाशी संबंध नसतो.

आणि बॅगा. दर ठरून, गाडीचा नंबर टिपून होईपर्यंत बॅग हातातून सोडू नका. या सगळ्या प्रकारात त्याची ताकद फक्त बंद डिकीची होती.

विमानतळावरच्या पोलिसांकडे आम्ही तक्रार नोंदवली. वेळ लागला, अधिकाऱ्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, पण तो माणूस भला होता. त्यानं मी काढलेल्या फोटोतला नंबर उतरवून घेतला आणि तक्रारीची सही-शिक्क्याची प्रत दिली. तिला देनुन्चा म्हणतात. ती घेतल्याशिवाय विमानात बसू नका, इथं आल्यावर तिच्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही. तातडीची मदत हवी असेल तर ११२ हा क्रमांक फिरवा.

बँकेचा भाग किचकट आहे. ग्राहकाची चूक नसेल आणि अनधिकृत व्यवहार ३ कामाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाचं नुकसान होऊ नये, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली केला. पण पिन स्वतः टाकलेला असला की बँक त्याला अनधिकृत मानत नाही. आमच्या बँकेनं पहिल्या फोनवर हेच ऐकवलं. मग आम्ही मुद्दा बदलला. एकाच मशीनवर, एकाच रकमेचे, मिनिटभराच्या अंतरानं झालेले दोन व्यवहार, म्हणजे एकाच सेवेचे पैसे दोनदा घेतले. अशी लेखी तक्रार केली आणि देनुन्चाची प्रत, तिचं भाषांतर, फोटो, मेसेज असं सगळं जोडलं. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, हेही त्याच पत्रात लिहिलं. रुपयांत झालेल्या व्यवहाराचा मुद्दा वेगळा मांडला. परदेशात मशीन युरो की रुपये असं विचारतं, निवड कार्डधारकानं करायची असते, आणि रुपये निवडले की मशीनवाल्यांच्या मनाचा, आपल्याला महाग पडणारा दर लागतो. इथं बटण त्यानंच दाबलं होतं.

दुसऱ्या व्यवहाराचे १८० युरो बँकेनं परत जमा केले. पहिले १८० मिळाले नाहीत, कारण प्रवास झाला होता आणि दर आम्ही मान्य केला होता. रुपयांच्या दरातल्या फरकाबद्दल पत्रव्यवहार अजून चालू आहे. रोख ६० युरोंचा पुरावा कुठेच नाही, ते फक्त देनुन्चात नोंदलेले आहेत.