बीएमडब्ल्यू एम 3 चे रॉड बेअरिंग: आत्ताच बदलायचे, की तेलावर नजर ठेवायची?

सेकंडहँड एम 3 चा सौदा ठरला, की कुणीतरी हमखास सांगतोच, "त्याचे रॉड बेअरिंग जातात म्हणे." म्हणे कशाला, जातातच. सगळ्यांचे नाही, पण ज्याचे जाते त्याचे इंजिन घेऊनच जाते. 2007 ते 2013 या काळातल्या एम 3 मध्ये (ई 90, ई 92, ई 93) एस 65 हे चार लिटरचे व्ही 8 इंजिन आहे. 420 हॉर्सपॉवर, 8,400 आरपीएमपर्यंत ओरडणारे. प्रश्न इतकाच, की काही बिघडलेले नसताना ते उघडायचे का.

आधी दुखणे कुठे आहे ते बघू. क्रँकच्या ज्या गोल भागावर, म्हणजे जर्नलवर, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड फिरतो, त्याचा व्यास सुमारे 52 मिमी. रॉड आणि जर्नल यांच्यामध्ये बसतात त्या दोन अर्धगोल पातळ पट्ट्या म्हणजे बेअरिंगच्या शेल. शेल आणि जर्नल यांच्यात तेलासाठी व्यासाच्या एक हजारांश गॅप ठेवायची, हा इंजिनवाल्यांचा जुना ठोकताळा. त्या हिशेबाने सुमारे 50 मायक्रॉन (0.05 मिमी) हवी. मूळ शेल बसवलेल्या इंजिनांत ती 30 मायक्रॉनच्या आसपास मोजली गेली आहे. त्यात कंपनीने सांगितलेले तेल 10डब्ल्यू-60, म्हणजे थंड असताना चांगलेच घट्ट. एवढ्याशा फटीत ते वेळेवर पोचले नाही, की शेल क्रँकला घासते. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हयात घालवलेल्या मेस्त्रीला हे दोन आकडे सांगा, तो पुढचे ऐकायच्या आधीच मान हलवेल. दोष नेमका गॅपचा, तेलाचा की चालवणाऱ्याचा, यावर अजून वाद आहेत. माझ्या मते तिन्हींचा वाटा आहे, पण गॅपचा मोठा.

आता पहिला पर्याय, आधीच बदलणे. इंजिन उतरवावे लागत नाही. ते वरून टांगून धरायचे, पुढची सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली घ्यायची, तळाचा तेलाचा चेंबर काढायचा आणि खालून एकेक रॉड उघडायचा. आठ रॉड, सोळा अर्ध्या शेल, सोळा बोल्ट. बोल्ट ताणून बसणारे असतात, त्यामुळे जुने परत लावायचे नाहीत. इथे काटकसर केली तर सगळा खर्च पाण्यात. शेल मूळ घ्यायच्या की बाहेरच्या कंपन्यांनी जास्त गॅप ठेवून बनवलेल्या? मी दुसऱ्या घेईन. ज्या कारणासाठी इंजिन उघडले तेच कारण पुन्हा आत बसवण्यात अर्थ नाही.

खर्चाचे म्हणाल, तर अमेरिकेत या कामाला साधारण अडीच-तीन हजार डॉलर लागतात आणि इंजिन गेले तर पंधरा-वीस हजारांच्या पुढेच. आपल्याकडे सुटे भाग मागवायचे म्हणजे वर कस्टम ड्युटी. तरी दोन खर्चांतले अंतर तेवढेच राहते.

पण या पर्यायाला एक धोका आहे आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. या इंजिनाचे रॉड एकसंध घडवून मग तोडलेले असतात. टोपी (रॉडचा खालचा, बोल्टने जोडलेला अर्धा भाग) आणि रॉड यांच्या तुटलेल्या कडा खडबडीत असतात आणि त्या एकमेकांतच बसतात. टोप्या टेबलावर मिसळल्या किंवा एखादी उलटी बसली, तर चांगले इंजिन आपल्याच हाताने घालवले म्हणून समजा. बोल्टही नुसत्या टॉर्कवर आवळायचे नाहीत, शेवटी ठरलेल्या अंशात फिरवायचे. ट्रॅक्टर आणि ट्रकची क्रँक डोळे झाकून बसवणारे हात आपल्याकडे आहेत, मायक्रोमीटर आणि बोअर गेजही गल्लोगल्ली. तरी ज्याने हेच इंजिन आधी उघडले आहे असा माणूस मिळत नसेल, तर गाडी पुण्याला न्या, नाहीतर थांबा. कच्च्या हाताने बदललेल्या बेअरिंगपेक्षा न बदललेले बरे.

दुसरा पर्याय, तेल तपासत राहणे. खर्च किरकोळ. प्रत्येक ऑइल चेंजला मधल्या धारेतला नमुना लॅबला पाठवायचा, शिसे आणि तांबे किती निघते ते लिहून ठेवायचे. एकाच रिपोर्टला अर्थ नाही, चढ दिसायला तीन-चार तरी लागतात. शिरोलीतल्या मित्राच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोमीटर आहे म्हणून बाटली तिकडे नेऊ नका. तो घन धातूच्या तुकड्यावर ठिणगी पाडून तपासतो. तेलाचे यंत्र वेगळे.

आणि इथेच खरी मेख आहे. जुन्या शेल शिसे-तांब्याच्या, तर साधारण 2010-11 पासूनच्या शिसेविरहित, ॲल्युमिनियम-कथलाच्या. जुन्या गाडीत शिसे वाढले तर ती स्पष्ट हाक आहे. नव्या शेलमध्ये शिसेच नाही, मग रिपोर्टमध्ये येणार कुठून? ॲल्युमिनियम तर पिस्टनचेही असते. शिवाय लॅबचे यंत्र अगदी बारीक कणच मोजते. मोठा चुरा फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून फिल्टर कापून बघणे ओघाने आलेच. रिपोर्ट स्वच्छ असताना बेअरिंग गेल्याचीही उदाहरणे आहेत. स्वच्छ रिपोर्ट म्हणजे हमी नव्हे.

माझा कौल असा. 2010 च्या आधीची गाडी, सर्व्हिसचे कागद अर्धवट, आणि चांगला माणूस हाताशी: बदला, रिपोर्टची वाट बघू नका. नंतरची गाडी, कागद पूर्ण, मालक एकच आणि समजूतदार: दोन-तीन ऑइल चेंज थांबायला हरकत नाही. गाडी फक्त राजारामपुरी ते रंकाळा अशी फिरत असेल, तर कमी किलोमीटर बघून हुरळू नका. तेल तापायच्या आत बंद होणारी गाडी हायवेने बेंगळुरूला जाऊन येणाऱ्या गाडीपेक्षा जास्त झिजू शकते. आरपीएम मीटरवरचे दिवे तेल तापेल तसे रेडलाइन वर सरकवतात; तोवर दम धरायचा, मग पन्हाळ्याच्या चढाला काय ती हौस भागवा. ही शिस्त दोन्ही पर्यायांत लागतेच.

बजेट तंग असेल, तर एवढे ध्यानात ठेवा, की याच इंजिनाचे थ्रॉटल ॲक्च्युएटरही (हवेच्या झडपा उघडणाऱ्या मोटर) जातात. त्याने इंजिन फुटत नाही, पण गाडी लंगडी होऊन रस्त्यात अडकते. दोन्हींतले एकच परवडत असेल, तर पैसे आधी बेअरिंगला.

"बेअरिंग आधीच बदललंय साहेब" असे विकणारा सांगत असेल, तर बिलावर शेलचे आणि बोल्टचे पार्ट नंबर आहेत का बघा आणि काढलेल्या शेल मागा. काम करून घेणारे लोक त्या सहसा जपून ठेवतात. शिसे-तांब्याची शेल असेल तर पृष्ठभाग सगळीकडे सारखा करडा दिसायला हवा. वरच्या अर्ध्या भागात तांबूस पट्टा उघडा पडला असेल, तर बदलले ते वेळेवर. पण नखाला लागेल अशी चर असेल, तर त्या जागी क्रँकचे जर्नल मोजले होते का, मोजले असेल तर माप किती आले, हे विचारल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका.