कूर्चा वाढवून देतो म्हणाले, आणि केलं भलतंच

गुडघ्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, ‘पुन्हा नवी करून देतो’ असं कुणी सांगत असेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी हे वाचा. मला एक ऑपरेशन सांगितलं, पैसे त्याचेच घेतले आणि प्रत्यक्षात दुसरंच केलं. शिवाय जे केलं ते माझ्या गुडघ्याला मानवणारं नव्हतं आणि करणाऱ्याला ते दिसत होतं.

वय पन्नाशीकडे झुकलेलं. जिना उतरताना उजवा गुडघा दुखायचा, संध्याकाळी सूज यायची. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूची कूर्चा उडालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, “तुमच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवू. सांधा बदलायची वेळच येणार नाही. दहातले नऊ पेशंट ठणठणीत होतात.” पुढ्यात एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं, त्यात स्वीडनच्या अभ्यासाचा आकडा ठळक छापलेला.

तो अभ्यास खरा आहे. १९९४ साली प्रसिद्ध झाला, पेशंट होते २३, वय १४ ते ४८. मांडीच्या हाडावर दुखापत असलेल्या १६ पैकी १४ जणांचा निकाल चांगला किंवा उत्तम लागला. पण त्याच अभ्यासात गुडघ्याच्या वाटीमागे पेशी बसवलेल्या ७ पैकी फक्त दोघांना तसा फायदा झाला, हे पत्रकात नव्हतं. पेशंटच्या कूर्चेला ठरावीक जागी खड्डा पडलेला होता, सगळा सांधा झिजलेला नव्हता, हेही नव्हतं.

आता फसवणूक कशी कळली ते सांगतो, कारण ही खूण प्रत्येकाला तपासता येते. स्वतःच्या पेशी वाढवून बसवायच्या तर ऑपरेशनं दोन लागतात. पहिल्यात दुर्बिणीतून, फारसा भार न येणाऱ्या जागेवरून निरोगी कूर्चेचा छोटा तुकडा काढतात. तो प्रयोगशाळेत जातो, पेशी वाढायला काही आठवडे लागतात आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात बसवतात. माझं सगळं एका बैठकीत उरकलं. विचारलं तर उत्तर आलं, “नवं तंत्र आहे, आता एकदाच करतो.” एकाच बैठकीतल्या काही पद्धती आहेत, हे खरं. पण तुमच्या पेशी सकाळी काढून, प्रयोगशाळेत वाढवून दुपारी परत बसवता येत नाहीत.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘कूर्चा पुनर्निर्माण’ लिहिलं होतं. काही महिन्यांनी दुखणं आधीपेक्षा वाढलं, तेव्हा दुसऱ्या सर्जनांनी पहिला प्रश्न केला, “ऑपरेशन नोट्स कुठे आहेत?” त्या मिळवायला लेखी अर्ज आणि पुष्कळ हेलपाटे लागले. नोट्समध्ये सरळ लिहिलं होतं: सैल कूर्चा खरवडली, मायक्रोफ्रॅक्चर केलं. त्याखालीच, त्यांच्याच अक्षरात: समोरासमोरच्या दोन्ही हाडांवर झीज. रोपणाचा, प्रयोगशाळेचा कुठे उल्लेखही नाही.

मायक्रोफ्रॅक्चर वाईट नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी ते रूढ केलं. उघड्या हाडाला बारीक भोकं पाडतात, मज्जेतलं रक्त वर येऊन गोठतं आणि त्यातून भरणी तयार होते. मात्र ही भरणी मूळच्या गुळगुळीत कूर्चेची नसते, तंतुमय असते, भाराखाली लवकर झिजते. खड्डा लहान, पेशंट तरुण, बाकी सांधा शाबूत असेल तर पहिली दोन वर्षं बरी जातात. पुढे अनेकांचा फायदा ओसरतो. दोन्ही हाडं झिजलेल्या गुडघ्यात ते करण्यात अर्थच नव्हता.

त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की पुढची वाटही त्यांनी अरुंद केली. आधी हाडाला भोकं पाडलेल्या गुडघ्यात नंतर पेशींचं रोपण केलं तर ते फसण्याचं प्रमाण वाढतं. २००९च्या एका मोठ्या अभ्यासात ते सुमारे तिप्पट निघालं. कोणता उपचार वापरावा हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१७ मध्ये रोपणाची शिफारस केली ती आधी अशी दुरुस्ती न झालेल्या, अगदी कमी झीज असलेल्या गुडघ्यांसाठीच.

तक्रार घेऊन गेलो तर नवा एमआरआय काढून दाखवला, “बघा, खड्डा भरलाय.” चित्रात भरलेलं दिसणं आणि दुखणं थांबणं यांचा मेळ बसतोच असं नाही. मग लगेच स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं. अशा इंजेक्शनने झिजलेल्या सांध्यात कूर्चा पुन्हा उगवते, याला भरवशाचा पुरावा नाही. मी उठून आलो.

दुसऱ्या सर्जनांनी मला उभं करून पूर्ण पायाचा एक्स-रे काढला. पहिल्या ठिकाणी तो कधी काढलाच नव्हता. पाय बाहेर वाकलेला, सगळा भार आतल्या बाजूवर. अशा पायात नुसती कूर्चा दुरुस्त करून ती टिकत नाही.

खरं रोपण झालेल्यांनाही जन्मभराची हमी नसते. नॉर्वेत ८० पेशंटना दोन गटांत वाटून १५ वर्षं पाहिलं: पेशी बसवलेल्या ४० पैकी १७ आणि मायक्रोफ्रॅक्चरच्या ४० पैकी १३ जणांचा उपचार फसला. म्हणून कुणी टक्केवारी सांगितली की विचारा, किती वर्षांनंतरची? माझ्यासारख्या वयाच्या, माझ्यासारख्या झिजेच्या पेशंटची आहे का? ऑपरेशनचं नेमकं नाव संमतीपत्रावर लिहून घ्या. पेशी वाढवणार असतील तर प्रयोगशाळेचं नाव आणि पाठवणीची कागदपत्रं मागा. दुर्बिणीतले फोटो आणि ऑपरेशन नोट्स डिस्चार्जच्या दिवशीच हातात घ्या. नंतर त्या मिळवताना फार दमछाक होते. माझी तक्रार त्याच नोट्सच्या आधारावर वैद्यकीय परिषदेकडे दाखल झाली आहे, निकाल यायचा आहे.