गणपतीपुळे: एमटीडीसी की घरगुती खोली?

एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान किनाऱ्यालगत, देवळापासून चालत जाण्यासारखं. बुकिंग ऑनलाइन; दिवाळी-नाताळात मात्र खोल्या फार आधी संपतात.

शेजारच्या मालगुंडात, म्हणजे केशवसुतांच्या गावी, घरगुती खोली एका फोनवर ठरते. तेव्हाच "जेवण धरून का?" हे विचारून घ्या. आम्ही एकदा विसरलो आणि चौघांच्या जेवणाचं बिल जवळजवळ भाड्याला भिडलं. पण काकूंनी तव्यावरून थेट पानात वाढलेली घावनं, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी! खिडकीतून समुद्र नाही, माडच दिसतात. आंघोळीचं पाणी बंबातलं, बादलीने.

दोघंच असाल तर एमटीडीसी बघा. पोरंबाळं, आजी-आजोबा सोबत असतील तर मी मालगुंडच धरेन. तिथे जादा गादीसाठी कुणी तोंड वाकडं केलं नाही.