सोलर आणि बॅटरी: चौदा महिन्यांनंतर, लातूरहून

चौदा महिन्यांपूर्वी आमच्या गच्चीवर 540 वॅटच्या सहा प्लेटा चढल्या, म्हणजे एकूण 3.24 किलोवॅट. सोबत हायब्रिड इन्व्हर्टर (लाईट गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा) आणि 5.12 युनिट मावणारी लिथियम बॅटरी. घेण्याआधी मी जे जे वाचलं ते बहुतेक विकणाऱ्यांनीच लिहिलेलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

बिलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते काम चोख झालंय. उन्हाळ्यात आमची महिन्याला साडेतीनशे युनिटं सहज जायची. आता आम्ही बाहेर दिलेली वीज आणि बाहेरून घेतलेली वीज यांची वजाबाकी होऊन बरेच महिने स्थिर आकार आणि किरकोळ भर एवढंच येतं. 'शून्य बिल' ही जाहिरातीची भाषा, कागद दर महिन्याला येतोच. केंद्राच्या सूर्यघर योजनेचं 78,000 रुपये अनुदान खात्यात जमा झालं. ते 3 किलोवॅटपर्यंतच वाढतं, त्यापुढे कितीही प्लेटा लावा, आकडा तोच. बॅटरीला त्यात छदाम नाही. आणि हो, 31 मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. उरलेली युनिटं पुढच्या वर्षात जात नाहीत, त्यांचे पैसे मिळतात पण कमी दराने. तेव्हा जागा आहे म्हणून जास्त प्लेटा लावू नका.

दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या नेट मीटरसाठी सात आठवडे गेले. कुठे आणि कोणामुळे ते लिहीत नाही. ह्यांच्या चपला झिजल्या एवढं पुरे.

मला वाटलं होतं लातूरचा मे महिना म्हणजे विजेचा पाऊस. तसं नसतं. प्लेटला उजेड हवा असतो, ताप नको असतो. तिच्यावर लिहिलेले वॅट 25 अंशांना मोजलेले असतात. मे महिन्याच्या दुपारी काच साठ अंशांच्या वर तापते आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरली तर बारा टक्के तिथेच गेले. आमचे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चमधले, रोज चौदा-पंधरा युनिटं. मे महिन्यात बारा-तेरा. पावसाळ्यात आभाळ दाटलं की चार-पाचवरही आलेलं पाहिलंय.

धूळ धुणं हा वेगळाच ताप. बोअरचं पाणी मारलं की काचेवर पांढरे क्षार बसतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. पिण्याचं पाणी काचेवर ओतायला लातूरच्या माणसाचा हात धजत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आम्ही प्यायलोय. शेवटी पावसाचं साठवलेलं पाणी आणि मऊ फडकं, पंधरा दिवसांतून एकदा, उजाडता उजाडता. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

सासूबाईंची तक्रार वेगळी. प्लेटा आठ फूट उंच सांगाड्यावर आहेत, खाली वावरता येतं, पण खारोड्या-कुरडयांच्या वाळवणाला ऊन उरलं नाही. सांगाड्याची उंची ठरवताना हा मुद्दा कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही.

आता बॅटरी. ती सासूबाईंसाठीच घेतली. आयुष्यभर चुलीच्या धुरापुढे बसून छाती गेलीय, रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते साडेतीनशे वॅट खातं. आणि लाईट गेली की साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर भर दुपारी, डोक्यावर सूर्य असतानाही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. हे अनेकांना बसवल्यावर कळतं. आम्हाला आधी कळलं, म्हणून हायब्रिड.

तरी फसलो. जूनच्या सुरुवातीला वादळात रात्री दहाला लाईट गेली. हिशेबाने मशीन, फ्रिज, दोन पंखे, दिवे मिळून सहाशे वॅट, म्हणजे सात तास तरी चालायला हवं. एक वाजता इन्व्हर्टर ओरडायला लागला. ह्यांनी कोपऱ्यातला सिलिंडर ओढून आणला, मी मोबाईलच्या उजेडात नळी बदलली. सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घातले ते कशाला गं?" उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिटिंगवाल्या दादांना बोलावलं. बॅटरी चांगली होती, सेटिंग चुकलं होतं. रोज ऊन उतरलं की आधी बॅटरी वापरायची आणि ती संपल्यावर बाहेरची वीज घ्यायची, असं लावून ठेवलं होतं. म्हणजे लाईट गेली तेव्हा ती निम्मी झालीच होती. यात बचतही नाही. नेट मीटर असताना बाहेर पाठवलेलं युनिट जसंच्या तसं परत मिळतं, बॅटरीतून फिरवलेल्यातलं दहाएक टक्के वाटेतच जातं. वर बॅटरी झिजते ती वेगळीच. आता ऐंशी टक्के राखीव ठेवलेत, तेवढे फक्त लाईट गेल्यावर वापरले जातात. तुमच्याकडे बसवतील तेव्हा हे सेटिंग समोर उभं राहून करून घ्या.

बॅकअपच्या लाईनवर, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या लाईनवर, काय काय घेतलंय तेही बघा. आमची बोअरची मोटार चुकून त्यावर होती. ह्यांनी लाईट नसताना ती चालू केली आणि सगळं घर धपकन बंद. मोटार सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. आता मोटार, गिझर, एसी बाहेर आहेत. बॅटरी वरच्या पत्र्याच्या खोलीत लावायचा दादांचा बेत होता, ती मी खाली जिन्याखाली लावायला लावली. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस थांबत नाही, बॅटरी कशी टिकेल? अर्थिंगचे तीन खड्डेही पूर्ण करून घ्या. आमच्याकडे मृगाच्या आधी विजा कशा पडतात ते मराठवाड्यातल्यांना सांगायला नको.

शेजारच्या काकांनी विचारलं, बॅटरीसकट घेऊ का? मी विचारलं, घरात मशीनवर कोणी आहे का? नाही म्हणाले, नुसत्या प्लेटा घेतल्या, आमच्या जवळपास निम्म्या खर्चात. परवा लाईट गेली तेव्हा मोबाईल चार्ज करायला आमच्याकडे आले होते. बिल तुमच्याइतकंच येतं, हे जाताना आवर्जून सांगून गेले.