तालुका कोर्टातला मोफत वकील: आईच्या केसचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

गाव रत्नागिरी जिल्ह्यात, तालुका सांगत नाही कारण केस चालू आहे. आम्ही नालासोपाऱ्याला, गावचं घर वर्षातले दहा महिने बंद. चुलत्यांनी वाटपाचा दावा टाकला आणि आईचा पत्ता दिला गावचा, तिचा नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असताना. बेलिफ आला, कुलूप बघितलं, समन्स दारावर डकवून गेला, तेही भर जुलैत! गणपतीला गेलो तर दारावर खळीचा डाग आणि कागदाचा एक कोपरा, बाकी सगळं पावसाने नेलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "कोर्टाचा माणूस येवन कायतरी डकवलान गो." तोवर तारीख होऊन एकतर्फी हुकूम झालेला, म्हणजे आईला काय म्हणायचंय ते न विचारताच केस पुढे. ७१ वर्षांची बाई रात्रभर पडवीत बसून होती.

वकिलाला द्यायला पैसे नव्हते. मग कोणीतरी विधी सेवा समितीचं सांगितलं, कोर्टाच्याच आवारात ऑफिस असतं. १९८७ च्या कायद्यानुसार बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हे मला माहीतच नव्हतं. अर्ज, आधार कार्ड, केस नंबर, बस. आठवड्याभरात वकील मिळाले.

आता खरं सांगायचं ते हे. वकिलांनी आधी बेलिफचा रिपोर्ट काढून बघितला. दारावर समन्स लावलं तर घर कोणी दाखवलं आणि कोणासमोर लावलं त्यांची नावं रिपोर्टात लागतात, आमच्या रिपोर्टात ती जागा कोरी! तेवढ्यावर आणि आई मुंबईला राहते याच्या पुराव्यावर (रेशनकार्ड, लाईट बिल) एकतर्फी हुकूम रद्द करायचा अर्ज दिला. निकाल व्हायच्या आधी गेलो म्हणून सोपं गेलं, डिक्री, म्हणजे निकालाचा हुकूम, झाल्यावर वेगळा अर्ज लागतो आणि त्याला मुदत फक्त ३० दिवसांची, समन्स नीट बजावलंच नसेल तर डिक्रीची माहिती झाल्यापासून ३० दिवस. समोरच्यांनी विरोध केला, पण जजसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकून आम्हाला ५०० रुपये कॉस्ट (खर्चापोटी भरायची रक्कम) लावून अर्ज मंजूर केला.

एक स्टार कापला कारण वकीलसाहेब फोन उचलत नाहीत, त्यांच्याकडे केसेस खूप. तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी थेट भेटा, तेव्हा नीट बोलतात. आणि गावाला घर बंद असणाऱ्यांनो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर महिन्यातून एकदा आईवडिलांच्या नावाने सर्च मारा, दोन मिनिटं लागतात. मोफत मदतीचा हेल्पलाईन नंबर १५१००.

केस जिंकू की हरू ते पुढे बघू, चुलत्यांचाही हिस्सा आहेच, तो नाही असं आई कधीच म्हणाली नाही. तिचं एवढंच म्हणणं होतं की वरच्या बागेतली कलमं बाबांनी लावली, हे कोणीतरी लिहून घ्या. कैफियत, म्हणजे दाव्याला आईचं लेखी उत्तर, टाईप झाल्यावर वकिलांनी तिला बाकावर बसवून सगळी वाचून दाखवली. त्यात हापूसची चौदा कलमं लिहिली होती, आईने थांबवलं, सोळा म्हणाली, आणि ते पान परत टाईप करून आणल्यावरच सही केली.