स्पिल्ट मिल्क : आठ महिने ऐकल्यावर

जेलीफिश या अमेरिकन रॉक बँडच्या 'स्पिल्ट मिल्क' अल्बमची सीडी जुनीच ऑनलाइन मागवली होती. विकणाऱ्यानं 'नव्यासारखी' असं लिहिलेलं. आली तेव्हा डबीला तडा आणि आठव्या गाण्याच्या आसपास ओरखडा. भांडत बसलो नाही, टूथपेस्ट लावून घासली.

पहिले पंधरा दिवस पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरवर नुसता कालवा. मग गाडीत लावली. कोल्हापुरात राजारामपुरीतून तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, शिरोली एमआयडीसी, काचा वर. जाऊन-येऊन अल्बम एकदा होतो. तिथं उलगडायला लागला.

सुरुवात 'हश'नं. एकावर एक रचलेले गळे, अगदी अंगाईसारखे. ते ऐकून जरा सैल बसावं तर 'जॉइनिंग अ फॅन क्लब' अंगावर येतं. आवाज कमी करायला माझा हात आपोआप जायचा. चौथ्या महिन्यात जायचा थांबला.

'बाय, बाय, बाय' लागलं तेव्हा गंगावेशीत दूध कट्ट्यावर गाडी लावली होती. मित्र फेसाळ ग्लास तोंडाला लावता लावता म्हणाला, "वरात कुणाची रं?" चुकीचं नाही त्याचं. हे गाणं तसंच झुलत झुलत चालतं. दुधाच्या कट्ट्यावर सांडलेल्या दुधाचा अल्बम, हे मात्र त्याला सांगितलं नाही, हसला असता.

आता ओरखड्याचं. 'ऑल इज फरगिव्हन'च्या शेवटी इतका गोंगाट वाढत जातो आणि मग एकदम कापल्यासारखा तुटतो, की तीन महिने मी तो सीडीचा दोष समजत होतो. दोनदा टूथपेस्ट लावली! शेवटी मोबाईलवर ऐकून बघितलं, तिथंही तसंच. मुद्दामच केलंय. त्या तुटीनंतर 'रशियन हिल' इतकं हळू सुरू होतं की पुलावर ट्रकच्या आवाजात सुरुवात हुकते. माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं हेच.

हा १९९३ चा, बँडचा दुसरा आणि शेवटचा अल्बम. त्या वेळी अमेरिकेत निर्वाणा आणि त्यांच्यासारख्या बँडचा जोर. मळके शर्ट, खरखरीत गिटार. अशात ही सॅन फ्रान्सिस्कोची मंडळी नटूनथटून, हार्मनीवर हार्मनी चढवत आली. बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १६४ च्या वर गेलाच नाही. त्यात एका गाण्याचं नाव 'द घोस्ट अॅट नंबर वन', म्हणजे बघा. १९९४ मध्ये बँड मोडला. उभं राहून ड्रम वाजवत गाणारा अँडी स्टर्मर पुढं जपानच्या पफी या गायिकांच्या जोडीसाठी गाणी करायला लागला.

खटकतं ते एवढंच, की यांना थांबायचं कळत नाही. जागा दिसली की त्यात आणखी एक वाद्य. सलग दोनदा ऐकवत नाही. 'हीज माय बेस्ट फ्रेंड' चावट आहे. आई मागं बसलेली होती, शब्द कळले नाहीत म्हणून वाचलो.

गेल्या महिन्यापासून गाडीचा प्लेअर डिस्क बाहेर टाकत नाही. उद्यमनगरातला मेकॅनिक म्हणाला, उघडावा लागेल. म्हटलं, राहू दे.