निर्यात मार्गदर्शन कक्ष: भाकरवडीवाल्यांनी एकदा जाऊन यावं

इंदूरला लोकमान्य नगरात माझा भाकरवडी आणि लसणी शेवेचा छोटा कारखाना आहे. आमच्या उद्योजक संघटनेच्या निर्यात मार्गदर्शन कक्षात मी तीनदा जाऊन आले, त्याबद्दल लिहिते.

त्याआधी एका एजंटाने आयात-निर्यात कोड काढायला माझ्याकडून सहा हजार घेतले होते. सरकारी फी फक्त ५०० रुपये, अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर घरबसल्या होतो, हे मला कक्षातच कळलं. फार चिडले मी. शिवाय दरवर्षी एप्रिल ते जून कोड अपडेट करावा लागतो, बदल काही नसला तरी. नाहीतर तो बंद पडतो. हे त्या एजंटाने सांगितलंच नव्हतं.

पण खरी मदत झाली ती पाकिटाची. तिथल्या ताईंनी माझं पाकीट पाण्याच्या बादलीत दाबून धरलं. शिवणीच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुडे वर आले. “महिनाभर कंटेनरमध्ये राहिलं तर तेल खवट होणारच,” त्या म्हणाल्या. चार वर्षं मी दोष बेसनाला देत होते! सीलिंग मशीनची पट्टी बदलली, आता पाकीट घट्ट बसतं.

लेबलवर घटक, ॲलर्जीची सूचना, बॅच नंबर कसा हवा तेही त्यांनी ओळीने तपासून दिलं.

खरेदीदार मात्र ते शोधून देत नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका. आणि शनिवारी जाऊ नका, खूप थांबावं लागतं. दुबईला नमुन्याची पहिली दहा पाकिटं परवाच पाठवली.